रघूचे चार वाफे

मिरजोळ्याच्या पलीकडे आमची वाडी डोंगराच्या उतरणीवर आहे. इथे कुठेही पहार मारा, वीतभर खाली कातळ लागतो. वरची जी काही माती, ती दर पावसाळ्यात थोडी थोडी पऱ्याला, म्हणजे खालच्या ओढ्याला, वाहून जाते. माझ्या पडवीतून समोर दिसतं ते मथुराचं भातशेत. शेती तीच पाहते. सासरे बाबाजी ऐंशीच्या घरातले, आणि नवरा रघू मुंबईत लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर.

तीन वर्षांपूर्वी मथुरा एका शिबिरातून न नांगरता भात करायचं शिकून आली. गादीवाफे एकदाच करायचे. पुढे नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. बी सरळ वाफ्यावर टोकायचं, कापणीनंतर मुळं तिथेच कुजू द्यायची आणि उन्हाळाभर माती सुक्या पानांच्या पातेऱ्याखाली झाकून ठेवायची. म्हणजे भाजावळही बंद. शेण, छाटलेल्या फांद्यांचा टाळ आणि पातेरा रचून जमीन भाजल्याशिवाय भात येतं, हे आमच्या वाडीने कधी ऐकलं नव्हतं.

बाबाजी म्हणाले, "आमच्या सात पिढ्या येड्या व्हत्या काय गो?"

"सात पिढ्यांची माती कुठं गेली, तेवढं सांगा," मथुराने पऱ्याकडे हात केला.

त्यावर बाबाजींनी तिला तीन पावसाळे दिले. "तिसऱ्या वर्षी भाताची कणगी काठोकाठ भरली नाय, तर भाड्याचे बैल आणून सगळं उलथून टाकीन." शेत त्यांच्या नावावर, आणि ते बोललेलं करतात. तीन वर्षं जपलेली मुळं नांगराखाली एका सकाळीत उपटली गेली असती.

पहिल्या वर्षी तणाने तिचा जीव नकोसा केला. कणगी वीतभर रिकामी राहिली. दुसऱ्या वर्षी टीचभर. हिवाळ्यात ती रोज डालगं घेऊन बागांतून काजू-आंब्याचा पातेरा गोळा करी. "ही झाडांचा केर राखून ठेवते," असं बायका विहिरीवर म्हणत. तिच्यासमोरही म्हणत.

यंदा अठरा मेला, सकाळी नऊच्या सुमारास, मला समोर धूर दिसला. मथुरा बाजाराला गेली होती. रघू दोन दिवसांपूर्वीच रजेवर आला होता. मी बाबाजींना हाका मारल्या, पण त्यांना कमी ऐकू येतं. तेवढ्यात मथुरा रस्त्याच्या वळणावर आली, पिशवी तिथेच टाकून धावली, आणि हिरव्या फांदीने आग झोडपू लागली. मी कळशी घेऊन पोचले तोवर अकरांपैकी वरचे चार वाफे काळे झाले होते.

"अहो, काय केलंत हे!"

रघूच्या तोंडाला काजळी, आणि त्यावर हसू. "तू एकटी किती करशील? म्हटलं, यंदाची भाजावळ मी उरकतो. पातेरा तर तू पसरलेलाच होतास."

"तो जाळायला पसरला होता?"

"नांगर सोडला म्हणून फोनवर सांगितलंस. काडी पण सोडली, हे कधी सांगितलंस?"

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जेवायला वाढताना म्हणे, "बाबा, विचारा त्यांना, आमटी हवी काय." बाबाजी मोठ्या गंभीरपणे विचारत.

चार वाफे पुन्हा झाकायला पातेरा उरला नव्हता. जूनमध्ये तिने तिथेही बी टोकलं, पण येता-जाता त्या वाफ्यांकडे पाहायची नाही.

नऊ जुलैला माझ्या पर्जन्यमापकात दोनशे बारा मिलिमीटर पाऊस भरला. दुसऱ्या दिवशी उघडीप मिळताच बाबाजी काठी टेकत शेतात गेले. मागून मथुरा, आणि छत्री घेऊन मी. भाजलेल्या वाफ्यांच्या कडा ढासळल्या होत्या, रोपांची मुळं उघडी पडली होती, आणि तिथून लाल पाणी पऱ्याकडे धावत होतं. बाबाजींनी काठी रोवली. बोटभर गेली आणि कातळावर टक्क वाजली. मग ते खालच्या झाकलेल्या वाफ्याशी आले. काठी वीतभर आत गेली. ते खाली बसले आणि मूठभर माती उचलली. तीत दोन गांडुळं वळवळत होती. माती त्यांनी परत जागेवर ठेवली, वर पातेरा सारखा केला. मग काठी टेकत घराकडे वळले.

मथुराची धास्ती मात्र गेली नाही. शब्द कणगीचा होता, आणि तिच्या हाती धड वाफे सातच राहिले होते.

सव्वीस ऑक्टोबरला झोडणी आटोपली. दोन दिवस वाळवून भात कणगीत ओतलं. काठाखाली चार बोटं जागा उरली. मथुरा रिकामं सूप हातात धरून उभी. बाबाजींनी कणगीत हात घालून बोटांनी मोजलं, पुन्हा मोजलं.

"ही चार बोटं रघूच्या चार वाफ्यांची," ते म्हणाले. "तुझे सात काठोकाठ भरले. नांगर माळ्यावर टाकून ये. हितं पडवीत पायात येतो."

संध्याकाळी मथुरा माझ्याकडे हे सांगायला आली. इतक्या वर्षांत ती माझ्या पायरीवर कधी टेकली नव्हती. त्या दिवशी बसली, दोन कप चहा प्यायली, आणि मधेच पदर डोळ्यांना लावून हसली. तेवढ्यात रघूचा फोन आला.

"अजून रागात हायस काय गो?"

"नाय. मेमध्ये या," ती म्हणाली. "पण उतरलात की आधी खिसे दाखवायचे. काडेपेटी सापडली, तर तिथूनच परत."

मग ती उठली. अंधार पडायच्या आत तिला सात वाफ्यांवर कुळीथ टोकून संपवायचे होते. आणि वरच्या चारांसाठी पातेरा आणायला उद्यापासून मीही येते, असं मी तिला सांगितलं.