पाचव्या बाटलीची कमाल

कुठल्या तोंडानं सांगू, कळत नाही. पण चहा आलाच आहे, तर ऐका. लग्नाला दीड महिना झाला असताना मी माझं मंगळसूत्र ॲसिटोनमध्ये, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवात, घुसळून काढलं. स्वतःच्या हातानं. आणि वर त्याची शाबासकीही घेतली!

मी पीएचडी करते. काम काय, तर ग्राफीन, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचा अतिपातळ पापुद्रा, प्लास्टिकमध्ये सगळीकडे सारखा पसरवायचा. ऐकायला सोपं. पण हे कण लग्नातल्या माहेरच्या माणसांसारखे. कितीही पांगवा, पुन्हा एका कोपऱ्यात घोळका! तीन वर्षं मी ते द्रावणात घालून, मशीनमध्ये थरथरवून बघतेय. तासाभरात सगळं तळाशी. आणि शनिवारी माझे गाइड सर शेंद्रा एमआयडीसीतल्या एका रंगकंपनीच्या साहेबांना माझी प्रगती दाखवणार होते. प्रगती!

लॅबमध्ये गळ्यात लोंबतं काही चालत नाही. म्हणून बुधवारी सकाळी मंगळसूत्र काढून समोरच्या रिकाम्या तपकिरी बाटलीत ठेवलं. तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

"रविवारी वैजापूरची मंडळी यायलीत. नवी सून बघायला. लई चिकित्सक हायत बरं का."

माझे हातपाय गार. त्याच गार हातांनी बाटल्यांत ग्राफीन घातलं, ॲसिटोन ओतलं आणि पाचही बाटल्या मशीनमध्ये ठेवल्या. सकाळी मी चारच घेतल्या होत्या, हे आठवायला डोकं जागेवर हवं ना?

संध्याकाळी गळ्याला हात गेला, तर गळा मोकळा! पर्स, लॉकर, बेसिनखालचा डबा, सगळं उपसलं. नाही! शेवटी ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घरी गेले.

"काय गं, घसा धरला व्हय?" सासूबाई.

मी खोकले. दुसरं काय करणार?

"थांब, काढा करते."

दोन दिवस काढा प्यायले, ओढणीसकट झोपले आणि रविवार मोजत राहिले.

शनिवारी सकाळी सरांनी बाटल्या तपासल्या. चार बाटल्यांत वर नितळ द्रव. पाचवीतला वरचा थेंब मात्र काळाकुट्ट! एरवी 'बघू' यापलीकडे न बोलणारे सर जवळजवळ ओरडले, "काय घातलंस यात?"

"काही नाही, सर."

"नम्रपणा पुरे! शाबास!"

मला वाटलं, खरंच जमलं की काय! साहेब आल्यावर सरांनी बाटली काचेच्या पेल्यात ओतली. काळी, एकसारखी, देखणी धार. आणि मग टुण्णकन दोन सोन्याच्या वाट्या! मागोमाग पांढऱ्याफटक मण्यांची माळ.

 साहेबांनी वाकून बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"मॅडम, हे ॲडिटिव्ह कोणतं म्हणायचं?"

द्रावणात पसरलं होतं ते ग्राफीन नव्हतंच. मण्यांचा रंग होता! ग्राफीन नेहमीसारखं तळाशी बसलेलं. सर म्हणाले, "बघू."

घरी येऊन ओढणी सोडली, पांढरं मंगळसूत्र सासूबाईंपुढे ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी एक मणी नखानं खरवडला.  मला तर माहेरची बस दिसायला लागली.

"म्हंजे त्या दुकानदारानं मला रंगवलेले मणी दिले? मला? चल, चप्पल घाल!"

दुकानात त्यांनी मला पुढं ढकललं. "माझी सून शास्त्रज्ञ हाय. लॅबमधी तपासून आणलंय तिनं. सांग गं!"

मी मान हलवली. दुकानदारानं मुकाट्यानं मणी बदलून दिले.

रविवारी मंडळी आली. आल्या आल्या सासूबाईंनी त्यांना दुकानातली हकिगत ऐकवली. नव्या सुनेचं रूप कुणी बघितलं नाही, स्वयंपाकाला कुणी नावं ठेवली नाहीत. जाताना चार बायकांनी माझ्या हातात चार कागदी पुड्या ठेवल्या. प्रत्येकीत एकेक काळा मणी, वर नाव लिहिलेलं. "तेवढं मशीनीत घालून बघ गं बाई."

तीन वर्षांत लोकांनी आपण होऊन माझ्याकडे तपासायला नमुने दिले, ते हे पहिले.