दरडीच्या अलीकडे

जानेफळच्या संघपाल अवसरमोलला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी नोकरीचं पत्र आलं, तेव्हा त्याच्या आईनं, चांगुणाबाईनं, पहिल्यांदा एवढंच विचारलं, "तो भूतान आपल्या मेहकरच्या कोन्या अंगाले येते बे?"

संघपालनं हवेत बोट फिरवून तिला नकाशा दाखवला. वर हिमालय, खाली आसाम आणि मधे मुठीएवढा देश. तिथल्या सरकारी शाळांना गणिताचे शिक्षक हवे होते. करार दोन वर्षांचा. इकडे त्यानं मेहकर तालुक्यातच, या शाळेत नाही तर त्या शाळेत, दहा वर्षं तासिकेवर काढली होती. जागा निघायची, मान्यता अडायची, आणि जून आला की पुन्हा नव्या हेडमास्तरापुढं उभं राहायचं. कायम नोकरी नाही म्हणून लग्न जमेना. पुढं त्यानं तो विषयच घरात बंद करून टाकला. धाकटा राजकुमार एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होता. त्याचा संसार आईजवळच होता, त्यामुळे घराची काळजी नव्हती.

चांगुणाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण मतं पक्की. नवरा गेला तेव्हा भावकीतल्या कुणीतरी दबक्या आवाजात तेराव्याचं काढलं, तर ती भर बैठकीत म्हणाली होती, "दीक्षा घेतली तवाच ते सुटलं. आता पिंड कोनाले, कावळ्याले?" तीच चांगुणाबाई आता शेजारच्या सिंधूताईला सांगत सुटली, "माहा लेक बुद्धाच्या देशात चालला. तिथं सगळे आपलेच हायेत म्हणतात."

भुसावळहून गाडीत बसलेला संघपाल तिसऱ्या दिवशी गुवाहाटीला उतरला. तिथून सीमेवरचं गाव, आणि तिथून एका छोट्या बसनं दिवसभर नुसती वळणं. सपाट रानात वाढलेला माणूस; वाटेत सात वेळा ओकला. शेवटी ड्रायव्हरनं त्याला पुढच्या सीटवर बसवलं आणि आल्याचा तुकडा हातावर ठेवला.

शाळा डोंगराच्या उतारावर होती. मुख्याध्यापक किनले सरांनी त्याचं पत्र वाचलं आणि विचारलं, "यातलं तुमचं नाव कोणतं? हे दुसरं काय आहे?"

"ते आडनाव."

"आमच्याकडे ते नसतं," सर म्हणाले, आणि रजिस्टरात नुसतं 'संघपाल' लिहून मोकळे झाले. वर्गात बत्तीस मुलं. त्यात चार पेमा, आणि चारांतल्या दोन मुली. नावावरून कोण कुणाच्या घरचं हे कळायची सोयच नव्हती. जानेफळकडं नवा मास्तर रुजू झाला की चहाच्या पहिल्या घोटाला आडनाव विचारलं जाई आणि दुसऱ्या घोटाला बोलणाऱ्याचा आवाज बदले. इथं किनले सरांनी रजिस्टर मिटलं आणि शाळेमागच्या गवतात जळवा आहेत, मीठ जवळ ठेवा, एवढंच बजावलं.

भाड्याची माडीवरची खोली मिळाली ती देचेन नावाच्या विधवा म्हातारीकडं. तिला सगळे आमा म्हणत. आमा म्हणजे आईच. तिला टीव्हीवरच्या मालिका पाहून मोडकीतोडकी हिंदी येई. पहिल्या रात्री तिनं लाल भातावर हिरव्या मिरच्यांची चीज घातलेली भाजी वाढली आणि हा परदेशी आता पाणी मागेल म्हणून बघत बसली. संघपालनं दुसऱ्यांदा मागून घेतली, तेव्हा म्हातारी मनापासून हसली.

रोज संध्याकाळी जानेफळहून फोन यायचा. "आज काय शिकवलं?" असं चांगुणाबाई विचारायची आणि उत्तर कळो न कळो, हुंकार देत ऐकायची. कधी तो तिला वर्गसमीकरणाचं सांगे, कधी आठ दिवस शाळेत न आलेल्या सोनमचं. त्या मुलीला शोधायला तो तीन तास चालत, झुलता पूल धरधरून ओलांडत, डोंगरापल्याडच्या वस्तीवर गेला. पोरगी मक्याच्या शेतात मचाणावर बसून डबा बडवत माकडं हाकत होती. बाप आजारी, दुसरं माणूस नाही. संघपाल मचाणावर चढला. दुपारभर डबा त्यानं बडवला आणि गणितं तिनं सोडवली. दोन आठवड्यांनी कणसं घरात आली आणि सोनम वर्गात.

एक गोष्ट मात्र त्यानं आईला सांगितली नाही. थंडीच्या सुट्टीवरून परतताना बस एका टपरीवर थांबली होती. धुळीनं भरलेलं जाकीट, उन्हानं रापलेला चेहरा. टपरीवाल्या बाईनं त्याला पाहिलं आणि हातानंच मागच्या दाराकडं जायची खूण केली. मागं रस्त्याच्या कामावरचे झारखंड-बिहारचे मजूर उभ्यानं चहा पीत होते. संघपाल ताबडतोब इंग्रजीत म्हणाला, "मी शिक्षक आहे." बाई ओशाळली, तिनं आत खुर्ची दिली. तो बसला, चहा प्याला. पण इतक्या घाईनं आपण ते का बोललो, हा काटा पुढं कितीतरी दिवस त्याला टोचत राहिला.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैमध्ये, सकाळचा दुसरा तास चालू असताना, राजकुमारचा फोन आला.

"दादा, आई गेली."

अंगणवाडीत खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता चांगुणाबाई खाली बसली, ती उठलीच नाही. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

"मी उद्या सांजपर्यंत ठेवतो तिले," राजकुमार म्हणाला. "मेहकरहून बर्फाची पेटी सांगतली. तू गुवाहाटीहून विमान पाय. येशीन ना?"

"येतो."

किनले सरांनी शाळेची गाडी काढून दिली. पिशवीत काय भरलं ते संघपालला आठवत नाही. त्यात खडूचा डबाही निघाला नंतर. चाळीसेक किलोमीटर गेल्यावर गाडी थांबली. पुढं रस्ताच नव्हता. अख्खा कडा झाडांसकट खाली आला होता आणि चिखल-दगडांचा ढीग थेट नदीपर्यंत गेला होता. पलीकडं अडकलेल्या गाड्या दिसत होत्या. अंतर शंभर पावलांचं. एक खोदयंत्र अलीकडून माती ओढत होतं.

"दो दिन लगेगा," मजुरांचा मुकादम म्हणाला. सहदेव त्याचं नाव, झारखंडचा, पन्नाशीचा माणूस.

मी शाळेत मास्तर आहे, आई गेली, जायलाच हवं, एवढं त्याला सांगून संघपालनं पिशवी पाठीला लावली आणि ढिगाऱ्यावर पाय ठेवला. पलीकडं गेलं की कुठली तरी गाडी मिळेल, रात्रीतून सीमा, सकाळी गुवाहाटी. दहा-बारा पावलं गेला असेल. वरून खडखड आवाज आला आणि घागरीएवढा दगड त्याच्या पुढून उड्या मारत नदीत गेला. तेवढ्यात मागून कुणीतरी जाकिटाची कॉलर धरून त्याला खेचलं. दोघंही चिखलात आपटले.

सहदेव धापा टाकत ओरडला, "मास्टरजी, मर के किसको मुँह दिखाइएगा? माँ तो अब उधर है नहीं!"

संघपाल तसाच बसून राहिला. सहदेवनं त्याला पाणी दिलं आणि स्वतः त्याच्याजवळून हलला नाही. हा पुन्हा जाईल अशी त्याला भीती होती.

तीन वाजता पुन्हा पाऊस लागला. चार वाजता संघपालनं राजकुमारला फोन लावला.

"रस्ता बंद हाय. दोन दिवस उघडत नाही."

"मंग काय करू?"

"थांबू नको. नेऊन टाक आजच."

 पलीकडून फोन कट झाला.

तासाभरानं सिंधूताईचा फोन आला. "पोरा, निंगालो आपन. राजकुमार बोलाच्या हालतीत नाही. मी फोन चालू ठेवतो, आयक." चित्र दिसण्याएवढं नेटवर्क नव्हतं. नुसता आवाज येत होता: पायांचा, रडण्याचा, कुणीतरी वाट मोकळी करा म्हणाल्याचा. मग बायामाणसांचा एकत्र सूर उठला, बुद्धं सरणं गच्छामि. संघपाल उभा राहिला आणि त्यानं फोन छातीशी धरून हात जोडले.

सहदेवनं खोदयंत्रवाल्याला हात केला. इंजिन बंद झालं. सात-आठ मजूर, चिखलानं माखलेले, पिवळी हेल्मेटं काढून त्याच्याभोवती येऊन उभे राहिले. त्यातल्या कुणालाच त्या शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता. पंचशील संपेपर्यंत कुणी खोकलंही नाही. नंतर एकानं ताडपत्रीखालच्या चुलीवरून चहा आणला. संघपाल त्यांच्यात उभ्यानं तो प्याला आणि तिथं पहिल्यांदा रडला.

आता तिकडं पोचून काही उरलं नव्हतं. तो शाळेच्या गावी परतला तर देचेन आमा दारातच बसली होती. तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. माणूस गेल्यावर एकोणपन्नास दिवस जीव भटकतो, त्याला वाट दिसावी म्हणून लोण्याचे दिवे लावायचे, लामांना बोलवायचं, शेजारणी लोणी देणार आहेत. "फक्त आईचं नाव सांग."

संघपाल म्हणाला, "आमा, हे मी करू शकत नाही."

"का? तूही बुद्धाचाच ना?"

 हिंदीत हे कसं सांगावं? "माझी आई हे मानायची नाही. माणूस गेला की गेला. मागं राहिलेल्यांनी नीट वागायचं, बस्स. तिच्या नावानं मी हे केलं तर ते तिच्याविरुद्ध होईल."

आमाला ते समजलं नाही. आपण जमवलेलं लोणी यानं नाकारलं, एवढंच तिला कळलं. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण मात्र दारात झाकून ठेवी. पाचव्या दिवशी तीच वर आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "तू लावू नकोस. पण मी लावले तर? ती तुझी आई होती. मलाही तू आमाच म्हणतोस. माझ्या वयाची बाई गेली, माझं मला काही करावंसं वाटत नाही का?"

 त्यानं नाव सांगितलं. तिनं ते तीनदा म्हणून पाहिलं, "चंगुना, चंगुना," आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर दर आठवड्याला तिच्या देवघरात दिवे लागत. संघपाल आत गेला नाही, हातही जोडले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी नळावर बसून आमा दिव्यांच्या पितळी वाट्या घासू लागली की तो येऊन तिच्या शेजारी बसे आणि राखेनं निम्म्या वाट्या घासून देई. सात आठवडे त्यांचं हे चाललं. आईला हे पटलं असतं का, याचा त्यानं पुष्कळ विचार केला. एकदा वाटे, हो. एकदा वाटे, तिनं वाटी हिसकून घेतली असती.

डिसेंबरात शाळेला सुट्टी लागली आणि तो जानेफळला आला. रविवारी विहारात लोक जमले. पुढं बसलेले कचरूबुवा म्हणाले, "सांग बापा, कसा हाय बुद्धाचा देश?"

संघपालनं आधी गोड गोड सांगायचं ठरवलं होतं. उभा राहिल्यावर वेगळंच बोलला. तिथं बाबासाहेबांचं नाव फार कुणाला माहीत नाही. लामा आहेत, पुनर्जन्म आहे, आपण जे सोडलं त्यातलं बरंच आहे. दोन वर्षांत मला कुणी आडनाव विचारलं नाही, हेही खरं. आणि मग टपरीचं सांगितलं. "त्या बाईनं मले मागच्या दारानं जा म्हटलं. मी म्हटलं, मी मास्तर हावो. मागं उभे होते त्याइचं काय, हे माह्या तोंडून नाही निंगालं. आपल्या बापजाद्यानं सारी जिंदगी मागच्या दारी काढली, अन् मी असा."

 कचरूबुवांनी घसा साफ केला. "परत जाऊन राह्यला का मंग?"

"हाव. पोरं दहावीले हायेत."

राजकुमार मागं भिंतीला टेकून उभा होता. आल्यापासून तो मोठ्या भावाशी हो-नाहीपलीकडं बोलला नव्हता. त्या दिवशी दुपारी अंगणात मोटरसायकलची चेन बसवता बसवता, वर न बघता तो म्हणाला, "तुह्या जागी सिंधूताईनं खांदा देल्ला. साऱ्या गावानं पायलं."

"रस्ता नव्हता, राजा."

"मले माहीत हाय. दरडीचा राग नाही मले. तू मेला अस्ता तर मले दोन मात्या करा लागल्या अस्त्या." त्यानं पाना खाली ठेवला. "पन चार वाजता तू इतक्या सहज म्हटलं, नेऊन टाक. मी बर्फ सांगून बसलो होतो. मले वाटलं, तू जराक तरी भांडशीन. म्हनशीन, थांब, मी येतो."

संघपाल त्याच्याजवळ ओट्यावर बसला. सहज नव्हतं म्हटलं, असं सांगता आलं असतं. चिखलाचं, दगडाचं, सहदेवनं ओढल्याचं सगळंच सांगता आलं असतं. तो म्हणाला, "म्हनाले पायजे होतं. येनं झालं नसतं, तरी म्हनाले पायजे होतं."

राजकुमारनं ग्रीसचे हात चिंधीला पुसले, पुसतच राहिला. मग उठून आत गेला आणि दोघांसाठी पाणी घेऊन आला.

फेब्रुवारीत संघपालनं करार दोन वर्षांनी वाढवला. राजकुमार त्याला सोडायला भुसावळपर्यंत आला. गाडी दीड तास उशिरा होती.  राजकुमारनं एकदा विचारलं की तिकडं एसटीसारख्या गाड्या असतात का, आणि संघपालनं त्याला त्या चढावरच्या बसचं इंजिन, ब्रेक, सगळं माहीत होतं तेवढं सांगितलं. गाडी आली तेव्हा धाकट्यानं मोठी बॅग उचलून बर्थखाली सरकवली, खाली उतरला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभा राहिला.