चंपाकाकीच्या तोंडी घातलेलं

संघमित्रा दिवसभर घरात असते, आणि घरात बसून कमावणाऱ्या बाईवर आमची चाळ विश्वास ठेवत नाही. मीही ठेवत नव्हते. विक्रोळीत पंचवीस वर्षं रेशनपासून संडासापर्यंत भांडत आलेय. ज्याला आपलं काम एका वाक्यात सांगता येत नाही त्याच्यावर नजर ठेवायची, हे मला कुठल्या कॉलेजने नाही, रस्त्याने शिकवलं.

तिला विचारलं की म्हणायची, "लिहिते, कमलताई. कंपन्यांसाठी."

"काय लिहितेस?"

"गाद्या. टूथपेस्ट. क्लासची पत्रकं."

अंधेरीच्या एका जाहिरात एजन्सीत तिने चार वर्षं नोकरी केली, मग सोडली आणि पोटमाळ्यावर लॅपटॉप मांडून सुटी कामं घ्यायला लागली. लिहिलेल्याखाली तिचं नाव कधीच नसतं. काम देणारी एजन्सी माल कुणाचा ते कधी सांगते, कधी नाही. ही लिहून पाठवते, तिकडून निरोप येतो, 'अजून थोडं काळजाला भिडू दे.' मग ही भिडवते. तिचे वडील कारखान्यात कपाटांना रंग मारायचे. "बाप पत्र्याला मारायचा, तू शब्दांना मारतेस," असं मी एकदा तिला तोंडावर म्हटलं. ती हसली. मला ते हसणंही पटलं नव्हतं.

यंदा बिल्डर आला. अठ्ठेचाळीस खोल्या पाडून टॉवर. आम्ही ठरवलं होतं, प्रत्येकाचं क्षेत्रफळ लिहिलेला करार रजिस्टर होईपर्यंत एकानेही संमतीपत्रावर सही करायची नाही. ही अट पहिल्यांदा घातली चंपाकाकीने. धोंडिराम साळव्यांची विधवा, वय बहात्तर, आवाज तिसऱ्या गल्लीपर्यंत. तिच्याकडे बघून बाकीचे थांबले होते.

मग एका गुरुवारी दारोदार चकचकीत पत्रक पडलं. आतल्या पानावर पांढऱ्या केसांची कुणी हसरी बाई, आणि खाली छापलेलं: 'सुरुवातीला मीही घाबरले. कागद तांदळाच्या डब्याखाली दडवून ठेवले होते. मग नातीकडून वाचून घेतले आणि सही केली. आता रात्री शांत झोप लागते. श्रीमती चंपा साळवे, विक्रोळी.'

दुपारपर्यंत चाळ फिरली. फोटो दुसऱ्याच बाईचा होता, पण नाव आमच्या काकीचं होतं. चाळीतल्या नितेशने मला नळावर गाठलं. "म्हातारीने गुपचूप उरकलं ना? मग आम्ही काय येडे आहोत थांबायला?"

मी तडक काकीकडे गेले. खरं सांगते, पहिला संशय मलाही तिचाच आला.

काकीने पत्रक डोळ्यांजवळ नेलं. "सही केली असती तर तुझ्या तोंडावर सांगितलं असतं. तुला भिते का मी?" मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "पण कमल, तांदळाचा डबा यांना कुणी सांगितला?"

"खरंच तिथे ठेवतेस?"

"धोंडिराम होते तेव्हापासून. ठाऊक आहे फक्त संघीला. हयातीचा दाखला दरवर्षी तीच भरते."

मी जिना चढले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. पत्रक तिच्या लॅपटॉपवर आपटलं. "किती दिवसांपासून विकतेयस आम्हाला?"

संघमित्राने वाचलं. "हे नाव बदलायचं होतं, ताई."

तिने मला मूळ मजकूर दाखवला. एजन्सीने सांगितलं होतं, 'पूर्व उपनगरातला प्रकल्प, एका आजीचं मनोगत हवं.' समाधानी माणसं अशीच आधी लिहिली जातात आणि मग शोधली जातात, हे मला त्या दिवशी कळलं. लिहिताना कुणीतरी डोळ्यांसमोर लागतं, म्हणून तिने काकी घेतली. बाजूला लिहिलं होतं: 'नाव तात्पुरतं. खऱ्या रहिवाशाचं टाकावं.' एजन्सीत ते कुणी बदललंच नाही.

"पूर्व उपनगर. आणि तुझ्या मनात आलं नाही की आपलंच असेल?"

"आलं होतं," ती म्हणाली. "विचारलं नाही. विचारलं असतं तर काम सोडावं लागलं असतं."

"रविवारी चाळीच्या सभेत हे सांग."

"माझी सही आहे ताई, कामाबद्दल बाहेर बोलायचं नाही म्हणून. बोलले तर ती एजन्सी गेली. त्यांनी तोंड उघडलं तर बाकीच्या एजन्सीही जातील."

"आणि काकीचं तोंड?"

तिने लॅपटॉप मिटला. ही येणार नाही असं धरूनच मी निघाले.

रविवारी बुद्धविहारातल्या सभेला ती आली. लॅपटॉप उघडून पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, 'मनात आलं होतं' हेसुद्धा. ते लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मागून नितेश म्हणाला, "उद्या हिने माझंही नाव छापलं तर?" पण त्या दिवशी सही कुणी केली नाही.

एजन्सीचा फोन मंगळवारी आला. दोन मिनिटांत काम बंद.

मग काकीचा खुलासा चाळीच्या फळ्यावर लावायचा ठरला. लिहिणार कोण? काकी म्हणाली, "जिने घाण केली तीच." मी शेजारी बसले, एकेक शब्द तपासायला. संघमित्राने वाचून दाखवलं, "मी नम्रपणे कळवू इच्छिते की..."

"मी कधी नम्र होते गं?" काकी म्हणाली. "खोड ते."

तिने खोडलं.

"लिही. मी चंपा धोंडिराम साळवे. मी सही केलेली नाही. पत्रकात हसतेय ती बाई कोण, मला माहीत नाही."

संघमित्राने तसंच लिहिलं. मग पेन थांबलं. "काकी, शेवटी एखादी ओळ हवी ना. लोकांच्या मनाला..."

"नको," काकी म्हणाली आणि कागद ओढून घेऊन खाली अंगठ्याएवढ्या अक्षरांत सही केली.