मागच्या सीटखालचं कार्पेट

आमच्या ह्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेतले नव्हेत, शिवणयंत्रावरचे. मी त्यांना घाबरट म्हणते, पण तोंडावर म्हणते, त्यामुळे त्यात चहाडी नाही. दुकान बंद करून कोपऱ्यापर्यंत गेलेला हा माणूस इस्त्रीचं बटण बघायला परत येतो, आणि बटण बंद दिसलं तरी इस्त्रीला बोट लावून खात्री करून घेतो. बल्ब बदलायचा तर शिडीवर मी चढायचं आणि खाली शिडी धरून घाबरायचं ह्यांनी, असा आमचा संसार. अशा माणसाने गंजून सांगाडा झालेली मोटार घरामागच्या शेडमध्ये दुरुस्तीला घेतली, तेव्हा मी ह्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली.

गाडी माझ्या थोरल्या दिरांची. ते ह्यांच्या बरोबर उलट. उतार आला की इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायचे, आणि शेजारी हे डोळे मिटून सीटची कड धरून बसायचे. दीर गेले आणि गाडी त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली राहिली. ताडपत्री फाटली, पाणी शिरलं, पत्र्याला बोट लावलं की खपली हातात येऊ लागली. शेवटी जाऊबाईंनी भंगारवाला बोलावला. हे दुकानातून, गळ्यात टेप तसाच, धावत गेले आणि गाडी द्यायची नाही म्हणाले. गिऱ्हाइकाला जन्मात नाही न म्हटलेला माणूस! जाऊबाई म्हणाल्या, मग घेऊन जा, मलाही ती बघवत नाही.

गाडी नीट करायची तर आधी गंज काढतात, मग पत्रा, मग रंग, आणि गाद्या सगळ्यात शेवटी. एवढं मलाही कळतं. ह्यांनी सुरुवात सीटपासून केली. भिंती उभ्या राहायच्या आधीच पडदे शिवून ठेवावेत, तसं. पण शिवलं मात्र असं की दृष्ट लागावी. सीटना दुहेरी टीप, छताला अस्तर, आणि खाली जाड कार्पेट, त्याच्या कडांना हाताने घातलेला गोट. कार्पेट हलू नये म्हणून सोल्यूशनने पत्र्याला चिकटवलं. दुकान बंद करून आले की आत जाऊन नुसते बसायचे. डोळे उघडे ठेवून.

आमची मुलगी लोखंडी दारं-खिडक्यांच्या कारखान्यात वेल्डर आहे. तिथे तिला ठिणगी म्हणतात. तिने एका सुट्टीला गाडीखाली शिरून पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. बाहेर येऊन म्हणाली की तळाचा पत्रा जागोजागी कापून नवा जोडावा लागेल, आणि त्याआधी आतलं सगळं काढावं लागेल. ह्यांचा चेहरा पडला. लोकांचे कपडे उसवून देण्यात आयुष्य गेलं, पण स्वतःची टीप उसवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

काम सुरू झालं आणि माझी झोप उडाली. पेट्रोलची टाकी लेकीने पहिल्याच दिवशी काढून अंगणाच्या टोकाला नेली, तेवढं एक बरं झालं. गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवलेली, आणि खालून लेकीचे फक्त पाय दिसायचे. मी पाण्याची बादली आणि ओलं पोतं घेऊन स्टुलावर बसायची, त्या पायांकडे बघत. पाय हलले की जीव भांड्यात पडायचा, हलले नाहीत की टांगणीला लागायचा.

त्यांच्या कारखान्यात एक शिस्त आहे. खाली काम करणारा तोंडावर काच ओढण्याआधी मोठ्याने विचारतो, वर मोकळं? वरचा माणूस हात फिरवून बघतो आणि सांगतो, मोकळं. तो शब्द आल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही. कारण काच ओढली की खालच्याला वरचं काही दिसत नाही आणि कानावरही काही येत नाही. लेकीने घरातही तीच शिस्त लावली. वरचा माणूस अर्थातच बाबा. ह्यांच्यासारखा दहादा बघणारा माणूस कारखान्यातही मिळत नाही, असं ती मला म्हणाली होती.

पुढच्या भागाचं काम सुरळीत पार पडलं. तिथलं कार्पेट ह्यांनी सोलून काढलं आणि जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलं. मग मागच्या भागाची पाळी आली. मागची सीट ओट्यावर येऊन बसलेली बघून लेकीला वाटलं की सगळं निघालं. मलाही वाटलं. खिडक्यांना धूळ नको म्हणून ह्यांनी फडकी लावली होती, आत बघायचं कुणाला सुचलं नाही.

"वर मोकळं?" खालून हाक आली.

"मोकळं," हे म्हणाले. आवाज जरा बसलेला वाटला.

ठिणग्या पडायला लागल्या. मी नेहमीसारखी पायांवर नजर ठेवून होते. थोड्याच वेळात मला वास आला. कापड जळाल्याचा वास शिंप्याच्या बायकोला झोपेतसुद्धा कळतो. मी ह्यांच्याकडे बघितलं, आणि तोंडावर लिहिलेलं वाचावं तसं मला सगळं कळलं: मागचं कार्पेट आतच होतं. फडक्यामागून काळा धूर यायला लागला होता.

बादली हातात होती, पण पाणी ओतावं तर खाली विजेची जाड तार आणि तिच्याशेजारी माझी पोर. मी ओरडले, तिला ऐकू गेलं नाही. पाय तसेच शांत. कसं कोण जाणे, मी भिंतीकडे धावले आणि वेल्डिंगच्या यंत्राचं बटण खाली ओढलं. मग तिचा घोटा धरून मी तिला, ती आडवी होती त्या चाकांच्या फळीसकट, बाहेर खेचलं.

तोवर हे गाडीत शिरलेले होते. शिडीला घाबरणारा माणूस त्या धुरात, गुडघ्यांवर! आतून फाटल्याचा आवाज येत होता. बाहेर आले ते जळतं कार्पेट दोन्ही हातांवर घेऊन, गिऱ्हाइकाला तयार कोट दाखवावा तसं. वितळलेलं सोल्यूशन तळहातांना चिकटलं होतं, म्हणून टाकायचं तरी टाकता येत नव्हतं. मी ओलं पोतं घातलं आणि बादली ओतली.

लेकीने तोंडावरची काच वर केली. आधी गाडीत डोकावली, मग ह्यांच्याकडे वळली.

"बाबा, तुम्ही मोकळं म्हणालात."

"म्हणालो."

"हात लावून बघितलं नव्हतं?"

"हात लावूनच म्हणालो," हे म्हणाले. "मला वाटलं, ठिणगी खाली पडते. वर कशाला येईल."

मला इतका राग आला की डोळ्यांतून पाणी आलं. इस्त्री वरून फिरते आणि जळतं खालचं अस्तर, हे मला ह्यांनीच लग्नानंतर शिकवलं होतं. एका गोटासाठी पोटची पोर जाळली असती तुम्ही, असं मी बोलून गेले. हे तसेच हात पुढे धरून उभे होते.

हात बरे व्हायला फार वेळ लागला. मी भरवायची, लेक पट्ट्या बदलायची, आणि बदलताना कारखान्यातल्या गमतीही सांगायची. पण शेडमध्ये तिने हाक मारणं बंद केलं. स्वतः गाडीत शिरून कोपरान् कोपरा बघायची आणि मुकाट्याने खाली जायची. हे दाराशी स्टूल टाकून बसलेले असायचे. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. भाजल्याचं त्यांनी एकदा दुखतं म्हटलं नाही, पण ह्या न विचारण्याने माणूस वाळत चालला. मला माझा राग धरून ठेवायचा होता, पण ते बघून तो टिकेना.

पट्ट्या सुटल्या. नवी कातडी आली, पण तळहाताला सुई टोचलेली कळेना. तशाच आखडलेल्या बोटांनी त्यांनी एक दिवस कात्री धरली आणि गाडीच्या छताचं अस्तर उसवायला बसले. छताजवळ अजून काही काम निघालेलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. मग दारांच्या आतलं कापड काढलं, मग राहिलेल्या चिंध्या. संध्याकाळपर्यंत गाडीत धाग्याचा तुकडा उरला नाही.

पुढच्या सुट्टीला लेक शेडमध्ये आली, आत बघितलं आणि फळीवर आडवी झाली. मी बादली घेऊन बसले. आणि खालून हाक आली.

"वर मोकळं?"

हे दचकून उठले. आत वाकले. तळहाताचा भरवसा नाही म्हणून उलटं मनगट सगळ्या पत्र्यावरून फिरवलं. आत नुसता उघडा पत्रा होता, मला बाहेरूनही दिसत होता. ते सरळ झाले, पुन्हा पत्र्याकडे बघितलं.

"थांब," ते म्हणाले. "मी परत बघतो."

मी बादलीची कडी घट्ट धरली. हे पुन्हा आत वाकले, पहिल्यापासून सुरुवात केली. खाली ते दोन पाय हलत नव्हते.

"बघा बाबा, सावकाश बघा," खालून लेक म्हणाली. "तुम्ही म्हणाल तेव्हाच."