कोन्चीनं परत केलेला शब्द

आमच्या आस्तिगारागा गावात कोन्चीच्या सायडरघरात सगळे उभ्यानंच जेवतात. लांब टेबलं, मधोमध सगळ्यांत एक ताट, आणि मागच्या खोलीत सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, थोराड पिंपं. कोन्चीनं पिंपापाशी जाऊन हाक मारली की हातातला घास ठेवायचा, पेला उचलायचा आणि रांगेत लागायचं, मग तुम्ही मंत्री असा नाहीतर मेंढपाळ. नवरा गेल्यापासून ही हाक तीच मारते, आणि मारताना तिचा रुबाब बघण्यासारखा असतो.

तिचा जीव किनाऱ्यावरच्या पिवळ्या फुटबॉल क्लबात. नदीकाठच्या हिरव्यांचं नाव निघालं की ती नाक मुरडणार. आणि नशिबानं थट्टा अशी केली, की तिची नात गारासी नेमकी हिरव्यांकडून खेळते. पोरीनं बूट घातले तेव्हा किनाऱ्यावाल्यांकडे मुलींचा संघच नव्हता, काय करणार! गारासीला एकदा पिवळ्या जर्सीत बघायचं, एवढी एकच इच्छा कोन्चीची उरली होती. किनाऱ्याचे अध्यक्ष ओलासागास्ती यांच्या ती हात धुऊन मागे लागली होती, आणि शेवटी त्यांनी शब्द दिला होता, "उन्हाळ्यात आणतो तिला."

जानेवारीत नवी पिंपं उघडली तेव्हा पाच मोठ्या क्लबांचे अध्यक्ष तिच्याकडे जेवायला आले. मुलींच्या खेळासाठी त्यांना एकी करायची होती. सामने टीव्हीला एकत्र विकायचे आणि एकमेकांच्या खेळाडू पळवायच्या नाहीत. या पळवापळवीच्या पायी दोन संघ आधीच बंद पडले होते.

कॉड माशाचं ऑम्लेट संपेपर्यंत सगळं गोडीत चाललं. मग ओलासागास्ती म्हणाले, "सही करतो. फक्त एक मुलगी सोडून. तिचं आधीच ठरलंय."

"कुणाशी ठरलंय?" नदीकाठच्या अध्यक्ष आल्तुनाबाई उसळल्या. "गारासी माझी खेळाडू आहे. मला पत्ता नाही आणि तुमचं ठरलं?"

"मग आम्हालाही एकेक सोडा की!" उरलेले तिघं एका सुरात म्हणाले.

झालं! जो तो हात झटकू लागला. एकानं तर कोट चढवला.

मटणाची थाळी घेऊन आलेली कोन्ची दारातच थबकली. एकी मोडली, तर तिची इच्छा पुरी होणार होती. आणि एकी मोडली, तर पुढच्या वर्षी आणखी कुठल्या तरी गावच्या पोरी बूट खुंटीला टांगणार होत्या. तिला मनापासून वाईट वाटलं, स्वतःसाठीच. थाळी ठेवून ती मागच्या खोलीत गेली आणि तिनं हाक मारली.

कोट चढवलेलासुद्धा पेला घेऊन आला. त्या हाकेला आमच्याकडे कुणी पाठ फिरवत नाही. आल्तुनाबाईंच्या मागे ओलासागास्ती उभे राहिले. कोन्चीनं तोटी उघडली. बारीक धार लांब उडाली आणि ती पेल्यात झेलायच्या नादात सगळे भांडण विसरले.

"ओलासागास्ती, शब्द मला दिला होतास ना? मी तो परत करते."

"अगं बाई, तूच तर माझं डोकं खाल्लंस!"

"खाल्लं. आता सही कर. आणि पेला वाकडा धर, सांडतंय सगळं."

आल्तुनाबाई आधी हसल्या, मग ओलासागास्तीही हसले. चीज आणि अक्रोड येईपर्यंत पाचही सह्या झाल्या.

रविवारी गारासी जेवायला आली ती फणकारतच. "आमोना," आमच्याकडे आजीला असंच म्हणतात, "मला कुणी विचारलं?"

"नाही गं," आजी ओशाळून म्हणाली.

"विचारलं असतंत तरी मी हिरव्यांकडेच राहिले असते. माझ्या मैत्रिणी आहेत तिथे. पण विचारावं माणसानं!"

कोन्चीनं तिला आणखी वाढलं.

वसंतात हिरव्या मुली किनाऱ्यावर खेळायला आल्या. कोन्ची तिच्या नेहमीच्या जागी, पिवळ्या घोळक्यात, मैत्रीण उसोआच्या शेजारी बसली होती. उत्तरार्धात गारासीनं दोघींना चकवलं आणि चेंडू जाळ्यात मारला. पिवळ्या बाजूला सन्नाटा पसरला. त्या सन्नाट्यात एकच बाई उभी राहून टाळ्या पिटत होती.

"अगं, खाली बस!" उसोआनं तिची बाही ओढली. "आपण हरतोय!"

"हो, कळतंय मला," कोन्ची म्हणाली, आणि टाळ्या वाजवतच राहिली.