पडद्यापल्याडचा उजेड

मोताळ्याचे शकीलभाई लग्नात पुरुषांकडचे फोटो काढतात आणि त्यांची लेक शाइस्ता बायकांकडचे. तिला वेड एकच, उजेड बाजूने यावा. घरात अम्मीच्या, म्हणजे नूरजहांच्या, निकाहाचा फोटो आहे. समोरून मारलेल्या फ्लॅशने चेहरा चुना फासल्यासारखा पांढराफटक झालेला. लाजणं, भीती, सगळं पुसून गेलं. रोहिणखेडच्या जुन्या मशिदीत दुपारी उजेड कलतो, तसाच तो नवरीच्या गालावर पडावा, असं शाइस्ताला जागेपणी स्वप्न पडायचं.

त्यासाठी फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून पडद्यामागे ठेवायचा, आणि दोघांना बिनतारी जोडणारा ट्रिगर घ्यायचा. बापलेक खामगावच्या दुकानात गेले. एक ट्रिगर दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला तरच चालणारा, दुसरा रेडिओचा. शकीलभाईंचा जीव पहिल्या, स्वस्तातल्यात अडकलेला. शाइस्ताने एवढंच विचारलं, पडद्याआडून चालेल का? स्वस्तवाला चालणार नव्हता. मग रेडिओचेच दोन जोड आले, एक बापाला, एक लेकीला. दोघं असे हरखले, की दोन्हींचा चॅनल एकच राहिलाय हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

ते कळलं शाइस्ताची बालमैत्रीण आयशा हिच्या निकाहात. मर्दान्यात, पुरुषांच्या बाजूला, अब्बांनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं, की इकडे जनान्यात शाइस्ताचा फ्लॅश आपोआप उडे. बायका आधी दचकत, मग हसत. शाइस्ता रडकुंडीला आली. आज बेत फसला तर फ्लॅश परत कॅमेऱ्याच्या डोक्यावर, असं अब्बांनी बजावून ठेवलं होतं. ती चॅनल बदलायला वळली, तोच वीज गेली. जनरेटर होता मर्दान्यापुरता. निकाहाला आयशाची कबुली घेऊन तिच्या वतीने बोलणारा वकील आणि साक्षीचे गवाह नुकतेच बाहेर मर्दान्यात गेले होते. अंधारात आयशाने शाइस्ताचा हात घट्ट धरला.

"तिकडे नवरदेव कबूल कधी म्हनते, आपल्याले काऊन नाही समजत? मले तवाचाच फोटो पायजे."

शाइस्ताचं बोट चॅनलच्या बटणावरच थांबलं; तिने चॅनल तसाच राहू दिला. तिने अब्बांना फोन लावला.

"अब्बा, तो कबूल म्हनेपर्यंत बटन दाबू नका. मंग एकदाच दाबा."

शकीलभाई म्हणजे निकाहात बोटाला उसंत न देणारा माणूस. कुरकुरले, पण बरं म्हणाले.

शाइस्ताने कॅमेरा स्टँडवर ठेवून शटर उघडंच ठेवलं; अंधारात फ्लॅश उडेल त्या क्षणाचाच फोटो उमटणार होता. अंधारात बांगड्या किणकिणत होत्या, मेंदीचा वास दाटला होता. मग पडद्यामागून मऊ उजेड आला आणि आयशाच्या गालावर पडला. बाहेरून मुबारकबाद ऐकू यायच्या आत, निकाहानंतर वाटायचे छुहारे, म्हणजे खारका, आत यायच्या आत आयशाला कळलं होतं, तो कबूल म्हणाला. तिने मान वर केली होती.

तो फोटो नूरजहां बराच वेळ हातात धरून बसली. मग डोळे पुसून नवऱ्याकडे बघत म्हणाली, "माह्या वक्ताले मले कोनीच सांगितलं नाही, तुमी कधी कबूल म्हनले ते."



आता शाइस्ता कुठेही गेली की आधी चॅनल बदलते. नवरदेवाच्या कबुलीच्या वेळी मात्र अब्बांच्या चॅनलवर परत येते, दिवे मालवून खिडक्यांचे पडदे ओढते, आणि शटर उघडून अब्बांच्या बटणाची वाट बघते.