राजेसाहेबांचा घास

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते राजेसाहेबांचे. ते खरोखरच राजे होते, आफ्रिकेतल्या एका डोंगराळ मुलखाचे. आणि राजाला जेवताना प्रजेतल्या कोणी पाहायचे नाही, अशी त्यांच्याकडची रीत होती.

अर्धांगाचा झटका आल्यावर ते उपचारांसाठी नेरूळला येऊन भाड्याच्या घरात राहिले. घास श्वासनलिकेत जायची भीती होती, म्हणून कोणीतरी गळ्याकडे पाहत भरवणे भाग होते. सोबतचा पुतण्या मात्र जेवणाच्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसे. राजेसाहेब वाळत चालले. तेव्हा रुग्णसेवक पुरवणाऱ्या एजन्सीने मला पाठवले. तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेला, घरातला पहिला पदवीधर मी. रुग्णसेवेचा कोर्स नुकताच केलेला, आणि इंग्रजी बोलताना घाम फुटणारा.

"तू माझ्या प्रजेतला नाहीस," ते म्हणाले. "तू पाहिलेलं चालतं."

प्रत्येक घासानंतर त्यांना बोलायला लावा, आवाज घरघरला तर थांबा, असे डॉक्टरांनी बजावले होते. राजेसाहेब नुसते 'आ' म्हणायला तयार नव्हते. त्याऐवजी ते घासागणिक एकेका पूर्वजाचे नाव घेत. ते नाव ऐकू येईपर्यंत माझाच श्वास अडकलेला असे. "पणजोबांपर्यंत पुरे," ते म्हणत. "त्यांच्या आधीचे सगळे भांडखोर होते."

घरमालकीण इथल्याच गावातली. जिन्यात हटकायची, "काय रं, जेवला का तुजा राजा? घाबरतंस कशाला? राजा हाय, वाघ नाय."

"वाघ परवडला, आई. त्याला ठसका लागत नाही."

एका दुपारी घट्ट पेजेचा घास गेला आणि नाव आलेच नाही. त्यांचे डोळे विस्फारले. मी त्यांना पुढे वाकवून पाठीत दणके घातले. त्या आवाजाने पुतण्या वळला. राजाच्या तोंडातून अन्न ओघळतेय आणि परका नोकर त्याला मारतोय, हे त्याने पाहिले आणि तो जागच्या जागी थिजला. मग राजेसाहेब खोकले. बऱ्याच वेळाने, फाटक्या आवाजात, वडिलांचे नाव आले.

"भिंतीकडे बघ," ते पुतण्याला म्हणाले. मग मला, "आजवर मला कोणी मारलं नव्हतं. भित्रा असून बरंच जोरात मारतोस."

माझ्याने हे काम होणार नाही, असे मी सांगितले.

"न भिणारा माणूस मला नको," ते म्हणाले. "तो नाव ऐकायला थांबायचा नाही."

त्या बोलण्यावर मी या कामात टिकलो. आजही रुग्णाला भरवताना मी भितो, आणि थांबून ऐकतो.

ते मायदेशी परतल्यावर मी त्यांना इंग्रजीत पत्र पाठवले. त्याचा मजकूर असा:

"राजेसाहेब, तिकडे तुम्हाला कोण भरवते ते कळले नाही, म्हणून जीव थाऱ्यावर नाही. पुतण्याला पाहू द्या. त्या दुपारी त्याने सगळे पाहिले, आणि दुसऱ्या सकाळी तो नेहमीसारखाच तुमच्यापुढे गुडघे टेकून बसला. कसे भरवायचे ते मी त्याला व्हिडिओवर शिकवीन. लोकांनी विचारलेच, तर रीत त्या परदेशी नोकराने मोडायला लावली असे सांगा. मात्र आज काय खाल्लेत, तेवढे कळवा."